वेस्ट पॉइंटचा संघ

१९४२ च्या मे महिन्यात ब्रह्मदेश हातचा गेला, तेव्हा एक साठीला टेकलेला अमेरिकन सेनापती शंभराहून काहीसे अधिक स्त्रीपुरुष बरोबर घेऊन रानावनांतून पायी चालत इंफाळला पोचला, ही हकीकत आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या कानांवर असेल. जनरल जोसेफ स्टिलवेल हा तो सेनापती. जिभेच्या आंबटपणावरून ‘व्हिनेगर जो’ हे टोपणनाव त्याला चिकटलेले. बिहारातील रामगढला त्याने चिनी पलटणींना कवायत शिकविली आणि आसामातल्या लेडोपासून चीनकडे जाणारा रस्ता त्याच्याच आग्रहाने उभा राहिला. त्या रस्त्याला पुढे त्याचेच नाव मिळाले. पुढे दिल्लीला आल्यावर, आपण सडकून मार खाल्ला आहे, हे त्याने कोणतीही सबब न सांगता वर्तमानपत्रकारांपुढे कबूल केले होते. परंतु हाच मनुष्य एकोणीस-वीस वर्षांचा असताना वेस्ट पॉइंटच्या लष्करी विद्यालयात बास्केटबॉल घेऊन आला, आणि पुढे तेथेच शिक्षक म्हणून परतल्यावर काही वर्षे त्याने त्या संघाला खेळही शिकविला, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. आम्हांसही ती स्टिलवेलचे चरित्र चाळताना ओझरतीच आढळली. तिचा माग काढता काढता त्या संघाचा सव्वाशे वर्षांचा इतिहासच समोर उभा राहिला, आणि तो वाचकांपुढे ठेवावा असे मनात आले.

वेस्ट पॉइंट हे हडसन नदीच्या एका वळणावर, न्यूयॉर्क शहराच्या उत्तरेस सुमारे पन्नास मैलांवर वसलेले ठाणे. तेथे विद्यालय निघाले ते १८०२ साली. बास्केटबॉल त्याहून पुष्कळच धाकटा. १८९१ च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने, थंडीत कोंडल्या गेलेल्या विद्यार्थ्यांना काहीतरी उद्योग हवा म्हणून, व्यायामशाळेच्या सज्जाला पीचफळांच्या दोन टोपल्या टांगल्या आणि त्यांत चेंडू टाकण्याचा खेळ लावून दिला. टोपली जमिनीपासून दहा फूट उंच होती, ती आजही तेवढीच आहे. या दहा फुटांनीच पुढे वेस्ट पॉइंटचा घात केला, असे म्हणण्यास हरकत नाही. परंतु ते यथाक्रम येईलच.

अमेरिकेतील इतर विद्यापीठांत आणि या विद्यालयात एक मूलभूत भेद आहे, तो आरंभीच ध्यानी घेतला पाहिजे. येथला विद्यार्थी फी देत नाही. तो सरकारचा शिपाईगडी असतो. शिक्षण संपले की तो सेकंड लेफ्टनंट होतो आणि ठरावीक वर्षे त्याला पलटणीत चाकरी करावी लागते. पहाटे उठणे, कवायत, तपासणी, गणित आणि यंत्रविद्येचे कडक धडे, हे सर्व उरकून जो वेळ उरेल तो खेळाचा. ज्याला खेळावरच पोट भरावयाचे आहे असा तरुण येथे कशाला येईल? आला तरी राहील कशाला? या दोन प्रश्नांभोवतीच या संघाची सारी कहाणी फिरते.

पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली डग्लस मॅकार्थर हे विद्यालयाचे प्रमुख झाले. त्या युद्धात त्यांनी असे पाहिले होते की, ज्या अंमलदारांनी तरुणपणी सांघिक खेळ खेळले होते ते पलटणी अधिक चांगल्या हाताळीत. खेळाच्या मैदानात जे पेरले जाते ते पुढे दुसऱ्या मैदानांत उगवते, अशा आशयाच्या ओळी त्यांनी व्यायामशाळेच्या दगडी दारावर कोरविल्या आणि प्रत्येक छात्राला कोणता ना कोणता खेळ सक्तीचा केला. बास्केटबॉलसाठी त्यांनी हॅरी फिशर या नामांकित शिक्षकाला पाचारण केले. फिशरच्या हाताखाली १९२२-२३ च्या हंगामात संघाने सतरा सामने खेळले आणि सतराही जिंकले. त्या संघातील जॉन रूझमा हा न्यू जर्सीतल्या पॅसेइक गावचा पोरगा. तेथल्या शाळेचा संघ त्या काळी वर्षानुवर्षे एकही सामना न हरल्याबद्दल देशभर गाजत होता. महाविद्यालयीन कारकिर्दीत एक हजारावर गुण मिळविणारा पहिला खेळाडू म्हणून या रूझमाची नोंद झाली आहे. हल्ली एका हंगामात जेवढे गुण होतात तेवढे त्या काळी तीन हंगामांत होत नसत, हे ध्यानात घेतले म्हणजे या हजाराची किंमत कळते. रूझमा पुढे लष्करातच राहिला आणि कर्नल होऊन निवृत्त झाला. फिशर गेल्यानंतरच्या वीस वर्षांत बरेवाईट हंगाम आले नि गेले. त्यांविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

आता १९४४ साल. या सालाची हकीकत सांगताना आमचे मन थोडे द्विधा होते.

१९४३-४४ च्या हंगामात एड केलहर हे शिक्षक असताना वेस्ट पॉइंटच्या संघाने पंधरापैकी पंधरा सामने जिंकले. संघात डेल हॉल नावाचा कॅन्सस प्रांतातला अतिशय चपळ खेळाडू होता, डग केना होता, आणि एडवर्ड क्रिस्टल हा कप्तान होता. त्या वर्षी देशातील सर्वोत्तम संघ कोणता, याचा निवाडा लॉस एंजेलिसच्या हेल्म्स संस्थेने वेस्ट पॉइंटच्या बाजूने दिला. म्हणजे कागदोपत्री हा संघ राष्ट्रविजेता ठरला. तथापि हंगामाअखेरच्या दोन मोठ्या स्पर्धांपैकी एकीतही तो उतरला नव्हता. त्यांपैकी एक यूटा विद्यापीठाने जिंकली आणि दुसरी न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स महाविद्यालयाने. तेव्हा ‘राष्ट्रविजेता’ या पदवीला एवढीशी उणीव आहेच.

दुसरी उणीव याहून मोठी, आणि तिच्याविषयी अभिमानाने लिहिणारे सहसा मौन पाळतात. १९४४ साली अमेरिकेतील महाविद्यालयांची स्थिती काय होती? धडधाकट तरुण भराभर पलटणीत भरती होत होते. कित्येक संघ मोडले होते, कित्येक कोवळ्या पोरांवर आणि वैद्यकीय तपासणीत नापास झालेल्यांवर चालले होते. अशा वेळी लष्करी विद्यालयातील छात्र मात्र पदवी मिळेपर्यंत आपल्या जागी राहात. एवढेच नव्हे, तर इतर विद्यापीठांतले तयार खेळाडूही तेथे प्रवेश मिळवून आले होते; डग केना हा स्वतःच पूर्वी मिसिसिपी विद्यापीठात होता. त्याच विद्यालयाच्या फुटबॉल संघाने १९४४ व १९४५ साली जो दिग्विजय केला त्यामागेही हेच कारण होते. सारांश, ज्या युद्धाने इतरांचे संघ उधळले त्यानेच वेस्ट पॉइंटचा संघ बांधला. दुसरे कोणी एवढ्यावरून त्या पंधरा विजयांना पाण्यात टाकील. आम्हीही कदाचित तसेच केले असते.

पण मग कप्तानाचे काय झाले ते पाहावे लागते. एडवर्ड क्रिस्टल १९४४ साली पदवी घेऊन बाहेर पडला आणि पलटणीबरोबर युरोपात गेला. १९४५ च्या वसंतात अमेरिकन फौजा ऑस्ट्रियात शिरल्या. हिटलर मेला होता. शरणागतीची बोलणी चालू झाली होती. युद्ध संपल्यातच जमा होते. त्या अगदी अखेरच्या दिवसांत क्रिस्टल ऑस्ट्रियात मारला गेला. न हरलेल्या हंगामाला तेव्हा पुरते दीड वर्षही लोटले नव्हते. शिक्षक केलहर हेही त्याच १९४५ साली वारले.

युद्धाने हात दिला हे खरे. आणि दिलेले त्याने असे वसूल करून घेतले. ज्या इतर विद्यापीठांतील तरुण १९४४ साली सामने खेळण्याऐवजी खंदकांत होते, त्यांच्या पंक्तीला हा कप्तान वर्षभराने का होईना जाऊन बसला. तेव्हा त्या पंधरा विजयांचे मोल कमी लेखावे की न लेखावे, हा प्रश्न आमच्यापुरता तरी येथेच थांबतो. १९८५ साली वेस्ट पॉइंटला नवे क्रीडागृह बांधले गेले, त्याला ‘क्रिस्टल अरीना’ हे नाव देण्यात आले. सुमारे पाच हजार माणसे त्यात मावतात.

युद्ध संपले, इतर विद्यापीठांतले खेळाडू परत आले, आणि त्यांच्याबरोबर वेस्ट पॉइंटचा मोठेपणाही ओसरला. याच सुमारास बास्केटबॉल हा ताडमाड माणसांचा खेळ झाला. टोपली दहा फुटांवर, आणि तिच्याजवळ सात फुटी मनुष्य उभा. मग चपळाईला कोण विचारतो? इकडे लष्करी विद्यालयात मात्र उंचीला सरकारी मर्यादा! साधारणपणे साडेसहा फुटांच्या वर गेलेल्या तरुणाला त्या काळी प्रवेशच नव्हता. रणगाड्यात, विमानात, पाणबुडीत जो मावणार नाही तो अंमलदार कसला? लष्कराच्या दृष्टीने हे अगदी रास्त आहे. खेळाच्या दृष्टीने हात बांधून आखाड्यात उतरण्यासारखे आहे.

या बांधलेल्या हातांनी कुस्ती कशी करावी हे ज्याने शोधून काढले तो बॉब नाइट. १९६५ साली तो मुख्य शिक्षक झाला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. एवढ्या लहान वयात एवढ्या मोठ्या संघाची जबाबदारी तोवर कोणाला मिळाली नव्हती. त्याच्या आधी टेट्स लॉकने संघाला बरेच वर आणले होते. नाइट हा त्याचाच मदतनीस. मनुष्य रागीट, इतका की त्याला जमदग्नीचा अवतार म्हणणेही सौम्य व्हावे. पुढे इंडियाना विद्यापीठात असताना १९८५ साली त्याने भर सामन्यात खुर्ची फेकली होती, आणि २००० साली त्या विद्यापीठाने त्याला वर्तणुकीपायीच काढून टाकले. त्याच्या या बाजूचे समर्थन करण्याची आमची इच्छा नाही. परंतु त्याची अक्कल अव्वल दर्जाची होती. त्याने हिशेब असा मांडला की, आपल्याला टोपलीत चेंडू फार वेळा टाकता येणार नसेल तर दुसऱ्यालाही टाकू देऊ नये. घाई करावयाची नाही, चेंडू हातून जाऊ द्यावयाचा नाही, आणि प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर सावलीसारखे राहावयाचे. १९६८ पासून सलग तीन हंगाम साऱ्या देशात सर्वांत कमी गुण खाणारा संघ म्हणून वेस्ट पॉइंटचीच नोंद झाली. सहा हंगामांत त्याने १०२ सामने जिंकले आणि ५० गमावले. छात्रांना ही शिस्त नवी नव्हती, हे त्याच्या पथ्यावर पडले.

आता ज्या एका निर्णयाबद्दल आजवर हळहळ व्यक्त होते त्याकडे वळू. १९६८ साली वीस सामने जिंकून अवघे चार हरलेल्या या संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या स्पर्धेचे आमंत्रण आले. ते आले तसे नाकारण्यात आले! नाइटने त्याऐवजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये होणारी निमंत्रितांची स्पर्धा पत्करली. आज हे वाचून नवल वाटते, परंतु त्या काळी त्या दुसऱ्या स्पर्धेची प्रतिष्ठाही काही लहान नव्हती, आणि हडसनकाठच्या या विद्यालयाला न्यूयॉर्क म्हणजे घरचेच अंगण. शिवाय राष्ट्रीय स्पर्धेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठाचा सात फुटांवरचा ल्यू अल्सिंडर उभा होता. पुढे करीम अब्दुल जब्बार या नावाने जगाला माहीत झालेला तोच हा. तेथे आपला निभाव लागणार नाही, येथे मात्र जिंकता येईल, असा नाइटचा विचार. झाले असे की पहिल्याच फेरीत नोत्र दामने ६२ विरुद्ध ५८ अशा गुणांनी संघाला घरी पाठविले. हातचे सोडून पळत्याच्या पाठी लागल्याचा दोष नाइटला पुष्कळांनी दिला आहे. आम्हांस तो पूर्णपणे पटत नाही. जिंकण्याची शक्यता जेथे अधिक तेथे फौज घालणे ही युद्धशास्त्रातली जुनीच रीत आहे, आणि ती लष्करी विद्यालयात चालू नये तर कोठे चालावी? परंतु पुन्हा तसे आमंत्रण येईलच, हे जे त्याने गृहीत धरले, ते मात्र चुकले. ते पुन्हा आलेच नाही.

या संघात माइक शशेव्हस्की नावाचा शिकागोचा एक मुलगा होता. आईबाप पोलंडहून आलेल्या कुटुंबांतले. बाप इमारतीत लिफ्ट चालवीत असे, आई कचेऱ्या झाडून काढीत असे. मुलाला वेस्ट पॉइंटला जाण्याची मुळीच हौस नव्हती. हौस होती ती आईबापांना. आपल्यासारख्यांच्या मुलाला अशी संधी चालून यावी आणि त्याने ती लाथाडावी, हे त्यांना सहन होईना. अखेर त्यांच्या शब्दाखातर तो गेला. शाळेत असताना तो भराभर गुण मिळविणारा खेळाडू होता. नाइटने त्याला सांगितले, की टोपलीकडे पाहावयाचे नाही. चेंडू दुसऱ्यांना द्यावयाचा आणि प्रतिस्पर्धी अडवावयाचा. त्याने ते मुकाट्याने केले, आणि १९६९ साली तो संघाचा कप्तान झाला. त्याच हंगामात त्याचे वडील एकाएकी वारले. तेव्हा तो खेळाडूंना शिव्या हासडणारा नाइट सर्व कामे टाकून शिकागोला गेला आणि त्या घरी स्वयंपाकघरात मुलाच्या आईपाशी बोलत बसून राहिला. माणसाचा हिशेब एका आकड्यात मांडता येत नाही तो असा.

त्या वर्षांत वेस्ट पॉइंटहून बाहेर पडणे म्हणजे बहुधा व्हिएतनामच्या वाटेला लागणे होते. १९६६ च्या तुकडीतले तीस जण तेथे कामास आले. त्याच तुकडीतला माइक सिलिमन हा नाइटचा सर्वांत गुणी खेळाडू. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक मिळविणाऱ्या अमेरिकन संघाचा तो कप्तान होता. आम्ही येथे त्याच्या खेळाचे वर्णन करीत नाही. ज्या वर्षी तो पदक घेऊन परतला त्या वर्षी त्याचे सहाध्यायी कोठे होते, एवढेच वाचकांनी डोळ्यांपुढे आणावे.

नाइट १९७१ साली इंडियानाला गेला, आणि मागे संघाची अशी काही दैना झाली की १९७४-७५ च्या हंगामात तीन विजय आणि बावीस पराभव पदरी पडले. त्या पडक्या वाड्याच्या किल्ल्या १९७५ साली कोणाला मिळाल्या? लष्करातील चाकरी संपवून कॅप्टन म्हणून राजीनामा दिलेल्या शशेव्हस्कीलाच. पहिल्या वर्षी अकरा विजय, दुसऱ्या वर्षी वीस, तिसऱ्या वर्षी एकोणीस. पुढे उतार लागला, आणि पाचव्या वर्षी, १९७९-८० साली, नऊ विजय व सतरा पराभव. अशा वर्षानंतर शिक्षकाला सहसा निरोप मिळतो. याला उत्तर कॅरोलायनातील ड्यूक विद्यापीठाने बोलावून नेले! नेमणुकीची बातमी ऐकून, हा कोण आणि याच्या नावाचा उच्चार तरी काय, असे तेथल्या लोकांना पडले. ड्यूकमध्ये त्याने पाच वेळा राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. २०२२ साली तो निवृत्त झाला तेव्हा त्याच्या खाती १,२०२ विजय होते, आणि त्यांतले ७३ वेस्ट पॉइंटचे होते.

दैवाची थट्टा पाहा. १९८६ साली मेरीलँडमधील ॲनापोलिसच्या नाविक विद्यालयाचा संघ, म्हणजे वेस्ट पॉइंटचा पिढीजात प्रतिस्पर्धी, राष्ट्रीय स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचला. त्याला तेथे कोणी अडविले? वेस्ट पॉइंटच्याच माजी कप्तानाच्या ड्यूकने, ७१ विरुद्ध ५० गुणांनी. नाविक संघाची ती मजल डेव्हिड रॉबिन्सन या एका तरुणामुळे होती. प्रवेशाच्या वेळी उंचीच्या मर्यादेत कसाबसा बसलेला हा मुलगा विद्यालयात आल्यावर वाढतच गेला आणि सात फुटांवर जाऊन थांबला. सरकारी नियमाने आत येणाऱ्याची उंची मोजली जाते. आत आल्यावर वाढणाऱ्याला कोण थांबविणार? दोन वर्षे झाल्यावर कसलेही बंधन न राहता विद्यालय सोडून जाण्याची त्याला मुभा होती, आणि बाहेर धंदेवाईक संघ थैल्या घेऊन उभे राहिले असते. तो गेला नाही. १९८७ साली सॅन अँटोनिओच्या संघाने त्याची सर्वांत आधी निवड केली, तरी दोन वर्षे नौदलाची नोकरी करून मगच तो तेथे रुजू झाला. जहाजावर तो मावणारा नव्हता म्हणून जॉर्जियातील पाणबुडीच्या तळावर त्याला काम देण्यात आले.

त्याच १९८७ साली देशात सर्वांत अधिक सरासरीने गुण मिळविणारा खेळाडू मात्र वेस्ट पॉइंटचा होता. केव्हिन ह्यूस्टन, उंची सहा फुटांनाही एक इंच कमी, सरासरी दर सामन्यास ३२.९ गुण. त्याच्यासाठी कोणी थैल्या घेऊन उभे राहिले नाही. पदवी मिळाल्यावर तोही इतरांप्रमाणे पलटणीत गेला.

१९४८ पासून पहिल्या दर्जात अखंड खेळत आलेल्या विद्यापीठांपैकी ज्यांना राष्ट्रीय स्पर्धेत एकदाही पाय ठेवता आला नाही अशांची एक यादी अमेरिकन वर्तमानपत्रे दरवर्षी मार्च महिन्यात छापतात. यादी पूर्वी पाच जणांची होती. २०१७ साली नॉर्थवेस्टर्न विद्यापीठ तीतून सुटले. २०२३ साली ब्रुकलिनच्या सेंट फ्रान्सिसने खेळांचे संघच मोडीत काढले. उरले ते तिघे, त्यांत दोन लष्करी विद्यालये: चार्ल्सटनचे सिटाडेल आणि वेस्ट पॉइंट. २०२५ च्या मार्चमध्येही यादी तशीच होती.

थंडी सरता सरता ॲनापोलिसचा संघ क्रिस्टल अरीनात खेळावयास येतो, तेव्हा मात्र या यादीचा कोणाला आठव राहात नाही. राखाडी गणवेशातले छात्र बाके भरून उभे असतात. सामना संपला की दोन्ही संघ एकत्र उभे राहतात. आधी हरलेल्यांचे विद्यालयगीत होते आणि मग जिंकलेल्यांचे. शेवटच्या वर्षाचे खेळाडू तेथून आपापल्या खोल्यांकडे जातात. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना वर्ग असतो, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांच्या हाती पलटणीचा हुकूम पडतो.